जुजबंदी

द्वारके,
तू आज सकाळी कापडी पिशवीतून आलीस.
पेठेतल्या वाचनालयाचे चौगुले घेऊन आले,
अकरा पुस्तकांत खालून तिसरी,
पुठ्ठा निखळलेला, पाठ कसरीनं खाल्लेली.
"जमलं तर बघ, आक्काताई," म्हणाले,
"नाहीतर रद्दीत."

मी पुस्तकं वाचत नाही, उसवतो.
जुना दोरा कापायचा,
वाळली खळ ओल्या फडक्यानं सोडवायची,
सोळा सोळा पानांचे जुज सुटे करून ठेवायचे.
तेवढ्यात नजर जाते कधी एखाद्या ओळीवर.
तुझ्यावर गेली ती परत आली नाही.
दुपारचं जेवण राहिलं.

तुझे वडील पंचांग मांडायचे.
तू दाराआडून शिकलीस,
राखेत बोटानं आकडे काढलेस
आणि त्याच राखेनं भांडी घासलीस.
मग लग्न. मग अकराव्या प्रकरणात,
सासरच्या चुलीपुढं,
तू एक ग्रहण मांडलंस:
कुठली अमावास्या, किती घटका, किती पळं.
कुणाला सांगितलं नाहीस.
सांगणार कुणाला?
नवरा वकिलीच्या अभ्यासात, सासू सोवळ्यात,
एक शेजारीण होती,
तिला लेखकानं नावसुद्धा दिलं नाही.

लेखकाला तुझा कळवळा फार.
तुझ्या डोळ्यांना त्यानं दीड पान दिलं,
आसवांना चार,
गणिताला अडीच ओळी.
मग तुला खिडकीत बसवलं
आणि स्वतः तुझ्या नवऱ्याबरोबर
बोटीनं विलायतेला गेला.
चौदा प्रकरणं तू खिडकीत.
मी मोजली. मोजल्याशिवाय शिवता येत नाही.

आमच्या कोल्हापुरात बायका "मी जातो" म्हणतात,
पुण्याचे पाहुणे हसतात त्याला.
तू पुस्तकातली, शुद्ध बोलणारी,
"जाते" म्हणालीस तीनदा,
आणि उंबऱ्यापाशी थांबलीस.
मी "जातो" म्हणालो होतो.
मिरजेचा नर्सिंगचा फॉर्म भरून तयार होता,
फोटो चिकटवलेला, ह्याच खळीनं.
वडलांचा हात तेव्हा कापायला लागला होता.
शिकंजा आवळता येईना.
"वर्षभर थांबतो," म्हणालो.
एकतीस झाली.

दोनशे चौदानंतर एकदम दोनशे सतरा.
मधलं पान कुणी मुळातून फाडलंय.
तुझी अमावास्या त्या पानावर होती.
सतरावर तू तापात आहेस,
विसावर तुझ्या नावानं दिवा,
आणि कादंबरी आणखी शंभर पानं चालली
तुझ्यावाचून, काही अडलं नाही तिचं.
म्हणजे मला कळलंच नाही, बाई,
त्या घटकेला झाकला का सूर्य?
तू अंगणात आलीस का बघायला?
चाळणीतून पडलेल्या उन्हाच्या कोरी
मोजल्यास का जमिनीवर?

फाटलेल्या कडेशी, शिसपेन्सिलीनं,
बारीक, डावीकडं कललेल्या अक्षरात
कुणीतरी लिहिलंय:
"हिचं चुकणार नाही."
सही नाही. तारीख नाही.
मी खोडरबर हातात घेतला होता, वाचनालयाचा नियम आहे.
खाली ठेवला.

आता रात्र झाली. तालमीची पोरं
दूध पिऊन घराकडं गेली,
पापाच्या तिकटीवरून कातड्याचा वास येतो वाऱ्याबरोबर.
खळ शिजवली, चिमूटभर मोरचूद टाकला,
म्हणजे निदान किडा तरी तुला खाणार नाही.
आणि जुज जुळवताना
चौदा नि सतराच्या मध्ये
एक कोरं पान घातलं.
जुन्या हिशोबवहीतलं, वडलांच्या, पिवळं पडलेलं,
तुझ्या कागदाला रंग जुळणारं.
त्यावर लेखक नाही.
खिडकी नाही.
तुझ्याकडं बघणारं कुणी नाही.

चौगुले उद्या बोट ठेवतील,
"हे कोरं कसं?"
"असंच आलं होतं," म्हणेन.
ते मान हलवतील, पावती फाडतील,
शिलाई नव्वद, पुठ्ठा चाळीस,
पानाचे पैसे मी लावणार नाही.

शिकंजा आवळलाय. दिवा घालवतो.
अंधारात खळ सुकताना
बारीक कुरकुर ऐकू येते,
ती नेहमीचीच. कागद ओढून घेतो दोरा.
तरी मी जरा वेळ
दारात थांबलो.